युद्धात सासरच्या शेतावर लपवलेल्या ज्यू मुलीचे वंशज आज कसे शोधायचे?

प्रश्नात तुम्ही दिलेली माहिती अशी: सासूबाईंचं आजोळ नेदरलँड्सच्या ड्रेंटे प्रांतात, होगेव्हेनजवळच्या खेड्यात. तिथल्या शेतावर दुसऱ्या महायुद्धात ‘अनी’ नावाची एक ज्यू मुलगी दोनेक वर्षं लपून राहिली आणि युद्ध संपल्यावर कुणीतरी येऊन तिला घेऊन गेलं. घरात तिचा एक फोटो आहे, आडनाव कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या असलेल्या तुमच्या आजेसासूबाईंनी आज नव्वदी ओलांडली आहे. त्या मुलीची मुलं-नातवंडं सापडतील का, आणि शेत चालवणाऱ्या त्या जोडप्याला इस्रायलचा सन्मान मिळू शकेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

सापडण्याची शक्यता चांगली आहे. फक्त शोध ‘अनी’चा न घेता तिच्या आईवडलांचा घ्या. लपलेल्या मुलांची खरी ओळख तेव्हा जाणूनबुजून पुसलेली होती, आणि युद्धानंतरची त्यांची कागदपत्रं खासगीपणाच्या नियमांमुळे बंद आहेत. डच नोंदणीत जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ वर्षांनी आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. म्हणजे १९३५ च्या आसपास जन्मलेल्या मुलीचा जन्मदाखला अजून तुमच्या हाती येणार नाही. छावण्यांत मारल्या गेलेल्यांच्या नोंदी मात्र पूर्ण खुल्या आहेत, आणि मागे राहिलेल्या मुलांनी पुढे आईवडलांच्या स्मृतीसाठी स्वतःच्या हातांनी अर्ज भरले आहेत. त्या अर्जांवर मुलांची नावं आहेत.

पण सगळ्यात आधी, आजच संध्याकाळी, याद वाशेम या जेरुसलेममधल्या संस्थेच्या संकेतस्थळावर ‘राष्ट्रांमधील सदाचारी’ या यादीत आजेसासूबाईंचं माहेरचं आडनाव आणि गावाचं नाव घालून बघा. ज्यूंना वाचवणाऱ्या बिगरज्यूंची ही यादी १९६३ पासून चालू आहे. तिच्यात २८ हजारांहून जास्त नावं आहेत आणि पोलंडच्या खालोखाल नेदरलँड्सचा नंबर लागतो. तुमच्या भागात तर याची शक्यता आणखी जास्त. होगेव्हेनजवळच्या न्यूलांडे गावात योहानेस पोस्ट हा शेतकरी, आर्नॉल्ड डाउवेस आणि मॅक्स लिऑन्स हा ज्यू तरुण यांनी घराघरांत माणसं लपवली होती. त्या परिसरातल्या ११७ जणांना याद वाशेमने एकत्रितपणे गौरवलं आहे. कुटुंबातल्या थोरल्यांनी तो सन्मान निमूटपणे घेतला आणि पुढच्या पिढीला सांगितलंच नाही, असं सर्रास आढळतं. नाव त्या यादीत असेल, तर वाचवलेल्या व्यक्तीचं नाव सहसा त्याच नोंदीत मिळतं आणि तुमचं निम्मं काम तिथेच संपतं. डाउवेसने लपवाछपवीच्या काळातच टिपणं लिहून बरण्यांत भरून जमिनीत पुरली होती. ती आज छापून उपलब्ध आहेत. त्यातल्या नावांवरूनही नजर फिरवा.

यादीत काही सापडलं नाही तर आजेसासूबाईंशी बोलायचं, आणि यात दिरंगाई नको. प्रश्न तुम्ही विचारू नका, तुमच्या नवऱ्यानेही नको. सासूबाईंनी विचारावेत, घरच्या बोलीत. मोबाइल टेबलावर ठेवून आवाज टिपून घ्या, पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, परत दोन दिवसांनी बसा. “तेव्हा कसं वाटायचं?” असं विचारलं की “वाईट दिवस होते” एवढंच उत्तर मिळतं. हातात धरता येतील अशा गोष्टी विचारा. अनी कुठे झोपायची, भिंतीतल्या कपाटवजा पलंगात की माळ्यावर? तिला सायकलवरून कोण घेऊन आलं, पुरुष की बाई, बोलणं कुठल्या भागातलं? शाळेत जायची का? चर्चमध्ये कुठल्या बाकावर? गावात तिची ओळख काय करून द्यायचे? रॉटरडॅमवर १४ मे १९४० ला बाँब पडले, तेव्हा घर गेलेली भाची, ही थाप फार चालायची, कारण ती पडताळणं अवघड होतं. दात दुखला तेव्हा कुणाकडे नेलं? केस रंगवले होते का? आणि झडती आली की कुठे जायची?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, काळ ठरवायला ते उपयोगी पडतं. बऱ्याच शेतांवर लपायची जागा गवताच्या गंजीत असे: आत फळ्यांची चौकट, तिच्यावर आणि भोवती गवत, आणि सरपटत जाण्याइतकं एक तोंड. हिवाळाभर गुरं ते गवत खातात, गंजी खचत जाते, आणि मार्च-एप्रिलपर्यंत चौकट उघडी पडते. म्हणून वसंतात माणूस हलवावा लागे: डुकरांच्या गोठ्याच्या फरशीखाली, दुहेरी भिंतीत किंवा शेजारच्या शेतावर. “ती मधे काही दिवस दुसरीकडे होती” असं आजेसासूबाई म्हणाल्या, तर ते दुसरं शेत कुठलं हेही विचारा. कदाचित त्या घरात खरं नाव माहीत असेल.

आता एक अप्रिय शंका, पण ती आधीच तपासलेली बरी: अनी नक्की ज्यू होती का? नेदरलँड्समध्ये लपून राहिलेल्यांची संख्या तीन लाखांच्या पुढे जाते, आणि त्यातले बहुतेक जर्मनीत सक्तीच्या कामावर जायचं टाळणारे डच तरुण होते. लपलेले ज्यू अंदाजे २८ हजार, त्यातले सुमारे १६ हजार वाचले. मुलींच्या बाबतीत गोंधळ वेगळ्याच कारणाने होतो. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पश्चिमेकडच्या शहरांतली हजारो भुकेली मुलं ड्रेंटे, फ्रीसलँडसारख्या उत्तरेकडच्या शेतांवर उघडपणे पाठवली गेली. ऐंशी वर्षांनी घरच्या आठवणीत ‘शहरातून आलेली मुलगी’ आणि ‘लपवलेली मुलगी’ या दोघी एक होऊन बसतात. मुलगी १९४५ च्या जानेवारीत आली असेल आणि गावात मोकळी फिरत असेल, तर ती बहुधा उपासमारीतून आलेली. १९४२ चा उत्तरार्ध किंवा १९४३ मध्ये आली असेल, तर ज्यू असण्याची शक्यता मोठी, कारण ड्रेंटेमधल्या वेस्टरबोर्क छावणीतून ज्यूंना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत नेणाऱ्या गाड्या १५ जुलै १९४२ ला सुरू झाल्या. ॲमस्टरडॅममध्ये ज्यूंना जिथे गोळा करत त्या नाट्यगृहासमोरच्या पाळणाघरातून सुमारे ६०० मुलं चोरून बाहेर काढली गेली, तीही सप्टेंबर १९४३ च्या अखेरीपर्यंतच. जाण्याची तारीखही जुळवा: ड्रेंटे मुक्त झाला एप्रिल १९४५ मध्ये. घरची कहाणी या तारखांत बसत नसेल, तर आधी कहाणी दुरुस्त करा, मग शोधाला लागा.

घरातल्या वस्तू चाळताना फोटोची मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का असतो. सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे आजेसासूबाईंची लहानपणची कवितांची वही. त्या काळी बहुतेक डच मुलींकडे अशी वही असे, मैत्रिणी तिच्यात चार ओळी लिहून, कागदी फुलं चिकटवून, नाव आणि तारीख घालत. लपलेल्या मुलीही लिहीत, खोट्या नावाने. आणि १९४५ च्या उन्हाळ्यात, निघायच्या आधी, कधीकधी खऱ्या. वहीचं पान पलटून कोपऱ्यात मुडपलेला कागद आहे का तेही बघा. त्याखेरीज शिधापत्रिकेची मूळ कार्डं, घरच्या बायबलच्या पहिल्या पानांवरच्या नोंदी, आणि युद्धानंतर आलेली भेटकार्डं. कार्डावरच्या तिकिटाचा शिक्का कुठल्या शहराचा आहे हे एक सुगावा ठरू शकतं.

खरं नाव मिळवायच्या जागा तीन-चार आहेत. मुक्तीनंतर लपलेल्या माणसांनी जिथे होती त्या नगरपालिकेत खऱ्या नावाने नोंद केली, निदान पुष्कळांनी केली. म्हणून आसेनच्या ड्रेंटे अभिलेखागाराला आणि संबंधित नगरपालिकेला शेताचा तेव्हाचा पत्ता देऊन विचारा: १९४५ मध्ये या पत्त्यावर आणखी कोण नोंदलं होतं? गावांची आणि घरक्रमांकांची पद्धत नंतर बदलली आहे, तेव्हा जुना घरक्रमांक आधी शोधून ठेवा, नाहीतर ‘नोंद नाही’ असं उत्तर येईल. गावच्या शाळेचं दाखलपुस्तक बघा. न्यूलांडेतलं लपणाऱ्यांवरचं छोटं संग्रहालय आणि होगहालेनजवळचं वेस्टरबोर्क स्मृतिकेंद्र, दोघांनाही ईमेल करा. फोटो, काळ, गाव आणि कुटुंबाचं आडनाव एवढं एका पानात मांडा. कहाणी लिहू नका. १९४५ च्या सुरुवातीला एंडहोव्हनमध्ये वाचलेल्या ज्यूंची नोंद ठेवायला एक केंद्र उघडलं होतं, त्याच्या छापील याद्या उपलब्ध आहेत.

समजा खरं नाव मिळालं, किंवा नुसतं आडनाव आणि वय. मग योड्स मोन्युमेंट हे डच संकेतस्थळ उघडा. मारल्या गेलेल्या १ लाख २ हजारांहून जास्त माणसांची पानं तिथे आहेत, कुटुंबानुसार आणि पत्त्यानुसार लावलेली. डच नोंदीत बाई नेहमी माहेरच्या आडनावाने असते, किंवा नवऱ्याचं आडनाव, आडवी रेघ आणि माहेरचं आडनाव अशी. ‘द फ्रीस’सारखं आडनाव ‘द’खाली शोधलंत तर सापडणार नाही, ‘फ्रीस’खाली बघा. आणि नावापेक्षा जन्मतारखेवर विश्वास ठेवा. नाव पाच प्रकारे लिहिलेलं सापडेल, तारीख सहसा एकच. जर्मनीतल्या आरोल्सन अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ॲमस्टरडॅमच्या ज्यू मंडळाची कार्डं फुकट पाहता येतात, त्यांत घरातली मुलंही नोंदलेली असतात. जुन्या लोकसंख्या नोंदीत एखाद्या मुलीपुढे ‘अज्ञात ठिकाणी रवाना’ असा शेरा असेल आणि आईवडलांपुढे नसेल, तर तिथे थांबून बघा. लपायला गेलेल्यांपुढे हाच शेरा मारत.

आईवडलांची नावं आणि जन्मतारखा हातात आल्या की याद वाशेमच्या बळींच्या नावांच्या संग्रहात जा. इथे ‘साक्षीची पानं’ आहेत: मारल्या गेलेल्या प्रत्येक व्यक्तीसाठी नातेवाइकाने भरलेला एकपानी अर्ज. खाली भरणाऱ्याचं नाव, मृताशी नातं, गाव, तारीख आणि सही. ‘नातं: मुलगी’ असं दिसलं की ती अनी किंवा तिची बहीण. लग्नानंतरचं, कित्येकदा हिब्रू केलेलं नाव इथेच कळतं, आणि दुसऱ्या कुठल्याही कागदावरून ते इतक्या सहज कळत नाही. मूळ अर्जाचं स्कॅन उघडून बघा, नुसत्या टंकलेल्या नोंदीवर थांबू नका. समासात पत्ते आणि भावंडांची नावं असतात. अर्ज हिब्रू हस्ताक्षरात असेल तर वाचून घ्यायला कुणीतरी लागेल. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांत हिब्रू आणि मराठी दोन्ही जाणणारी माणसं आहेत. ओळखीत कुणी असेल तर तुम्हाला मराठीतच अर्थ कळेल.

अर्ज १९५५ किंवा १९७७ चा असेल तर भरणारी व्यक्ती कदाचित आज हयात नसेल. तेव्हा डेल्फर या डच वृत्तपत्रांच्या संग्रहात ज्यू साप्ताहिकातल्या लग्नाच्या, जन्माच्या, निधनाच्या जाहिराती शोधा. निधनाच्या जाहिरातीत मुलं, जावई, नातवंडं सगळी नावानिशी असतात. आणखी एक वाट म्हणजे ठेचफरशा, त्या मूळ राहत्या घरासमोर पदपथात बसवलेल्या दहा सेंटिमीटरच्या पितळी चौकोनी पाट्या. आईवडलांच्या नावाची पाटी बसली असेल, तर तिथल्या स्थानिक गटाने वंशजांना तेव्हाच शोधलेलं असतं. हा गट मध्यस्थ म्हणून उत्तम.

डीएनए चाचणीचा तुम्हाला उपयोग नाही, कारण तुमच्या सासरचं अनीशी रक्ताचं नातंच नाही. शेतावर झडती येऊन कुणी पकडलं गेलं असेल, तर द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फितुरांवरच्या खटल्यांच्या फायली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे सव्वाचार लाख नावांची सूची खुली झाली. फाइल मात्र वेळ घेऊन वाचनकक्षातच बघावी लागते. तुमच्याच शेतकऱ्याची जबानी त्यात असू शकते. त्यात गावातल्या ज्याचं नाव येईल त्याची नातवंडं आज त्याच रस्त्यावर राहत असतील. नवऱ्याच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय ती फाइल मागवू नका.

आता पत्र. इथेच जास्त शोध फसतात. फेसबुकवर फोटो टाकून “हिला कोण ओळखतं?” असं अजिबात करू नका. काही घरांत आजी ज्यू होती हेच मुलांना माहीत नसतं, आणि ते सांगण्याचा हक्क तुमचा नाही. शक्यतो मध्यस्थामार्फत, एका पानाचं, डच किंवा इंग्रजी पत्र पाठवा. मजकूर इतपत: “१९४३ ते १९४५ या काळात आमच्या कुटुंबाच्या शेतावर एक मुलगी राहिली. ती आपल्या आई असाव्यात असं कागदपत्रांवरून वाटतं. तेव्हा त्यांच्याबरोबर खेळणारी घरची मुलगी आज हयात आहे. एक फोटो आहे, आपल्याला हवा असल्यास पाठवू. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.” फोटो पहिल्या पत्रात जोडू नका, सन्मानाचा विषय काढू नका, ‘वाचवलं’ हा शब्द वापरू नका. तीन महिन्यांनी एकदा आठवण करायला हरकत नाही, त्यानंतर नाही.

समोरून गप्पच राहिले तर का, हे समजून घेण्यासाठी १९४५ चा इतिहास माहीत हवा. आईवडील परत न आलेली सुमारे २००० मुलं उरली. सरकारने ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांच्यासाठी आयोग नेमला आणि मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत राहावीत की ज्यू नातेवाइकांकडे, अनाथाश्रमात जावीत, यावरून वर्षानुवर्षं तंटे चालले. शेतावरच्या बाईला ‘आई’ म्हणणाऱ्या मुलीला एका सकाळी अनोळखी मामा येऊन घेऊन गेला, पुन्हा पत्रही लिहू दिलं नाही, असं पुष्कळांच्या वाट्याला आलं. इकडे शेतकऱ्याच्या घरी “एवढं केलं आणि साधं कार्ड नाही” ही सल पिढ्यान् पिढ्या राहिली. काही मुलांना लपवलेल्या घरी राबवून घेतलं, मारलं किंवा त्याहून वाईट वागवलं. काहींचा बाप्तिस्मा केला. तुमच्या घरी तसं घडलं नसेलही. पण पत्राला रागाचं उत्तर आलं, तर वाद घालू नका. ते तसंच सासूबाईंना दाखवा आणि “आपलं म्हणणं वाचलं” एवढं कळवा.

भेट ठरलीच तर पहिली भेट शेतावर नको. जवळच्या शहरात, दुपारी, दोन्हीकडची चार-पाच माणसं. शनिवार टाळा, जेवणाचं आधी विचारा, डुकराचं मांस ताटात येणार नाही याची काळजी घ्या. वार्ताहर नको. ४ मे हा डचांचा स्मृतिदिन आहे, रात्री आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं स्तब्ध असतो. तारीख सुंदर वाटते, पण पहिल्या भेटीवर इतका भार टाकू नये. वही आणि फोटो यांच्या चांगल्या प्रती घेऊन जा. मूळ वही कुणाकडे राहायची हे आजेसासूबाईंनी ठरवावं. शेत बघायचं का, हे त्यांनी विचारू द्या.

शेवटचा प्रश्न सन्मानाचा. याद वाशेमचे निकष स्पष्ट आहेत: वाचवणारा बिगरज्यू हवा, त्याने स्वतःचा जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात घातलेलं हवं, पैशाच्या अटीवर मदत केलेली नसावी, आणि वाचलेल्या व्यक्तीची साक्ष किंवा तेव्हाची कागदपत्रं हवीत. जेवणाखर्चाचे पैसे घेतले असतील तर त्याने नाव बाद होत नाही. प्रतिकार चळवळीचा निधीही अशा कुटुंबांना पैसे आणि शिधापत्रिका पुरवत असे. नुसत्या “आमच्या आजोबांनी सांगितलं” यावर मात्र अर्ज मंजूर होत नाही, म्हणून प्रस्ताव वाचलेल्यांच्या बाजूने आला तर जोर येतो. अनी हयात असेल तर तिची सही असलेलं निवेदन लागेल: कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कुणी आणलं, धोका कुठला आला, नंतर संबंध राहिला का. ती नसेल तर तिने आधी कुठे दिलेली मुलाखत, पत्रं, १९४५ ची नगरपालिकेची नोंद, कवितांची वही, हे सगळं एकत्र करून पाठवा. निर्णयाला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं. मंजूर झाल्यास पदक आणि प्रशस्तिपत्र जवळच्या वारसाला दिलं जातं.

आजेसासूबाईंचं ध्वनिमुद्रण आणि फोटोची प्रत वेस्टरबोर्क स्मृतिकेंद्राकडे आताच देऊन ठेवा, बरोबर शेताचा जुना पत्ता, वर्षं आणि ‘अनी’ हे नाव लिहून. कदाचित पलीकडचे लोकही ड्रेंटेमधलं एक नाव नसलेलं शेत शोधत असतील, आणि त्यांची पहिली चौकशी बहुधा तिथेच येईल.